वकील बरा होईल का?

आमच्या कुत्र्याला आम्ही वकील म्हणतो. समोर कुणीही येवो, ह्याची हरकत तयारच! बेल वाजली की आरडाओरडा, रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला की माझा खांदा निखळायची वेळ. आधीच्या घरानं टाकलेलं, प्राण्यांच्या आश्रमातून आणलेलं भेदरलेलं जनावर ते. आणि माझा धंदा घरात बसून शिवणकामाचा. गिऱ्हाइकं दारातूनच मापं ओरडून सांगायची.

त्यात ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आईच्या मागं तिनंच मला वाढवलं. ती माझ्याकडेच येणार, त्यात बोलायला जागाच नव्हती. पण हे म्हणाले, "कुबड्या बघून हा घर डोक्यावर घेईल. घाबरून ताई पडल्या तर? त्या यायच्या आत सुधारला तर ठीक, नाहीतर त्याला परत पाठवू."

तडक त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"बाई, हा बरा होईल ना?"

"बरा होणार नाही," त्या म्हणाल्या. "बरा राहील."

"थट्टा करताय होय माझी?" मी भडकलेच.

"अहो, हा काय ताप आहे उतरायला? भित्रा आहे तो. सगळ्यांच्या मांडीवर बसणारा कुत्रा हवा असेल, तर तो हा नव्हे. लांब ठेवा, आडोसा द्या. मग बऱ्यापैकी राहील."

घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते. मग बेल काढली, आतल्या खोलीला जाळीचं दार बसवून घेतलं. बगलेत दोन काठ्या धरून घरभर लंगडले आणि त्याला बिस्किटाचे तुकडे टाकत राहिले. हे म्हणाले, "वकिलाआधी तुलाच दाखवायला हवं."

ताई आली. जाळीमागून वकिलानं आकाशपाताळ एक केलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला रडूच फुटलं. "ताई, हा तुला कधीच जवळ येऊ देणार नाही गं. पण मला त्याला सोडवत नाही."

"मग नाही येऊ दिलं तर नाही," ताई खुर्चीत टेकत म्हणाली. "माझ्या गुडघ्याजवळ कुणी आलेलं मला तरी कुठं हवंय? तो पडेल तिकडं, मी पडते इकडं."

ताई, तुझे उपकार कसे फेडू गं?

परवा दुपारी ताई कुबड्या आपटत खोलीत फेऱ्या मारत होती. जाळीपलीकडे वकील चक्क तिच्याकडे पाठ करून घोरत पडला होता. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. मी उठणार, तोच हे पुढं झाले आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला. आमचा वकील झोपलाय."