बायनाबाईची बाज

मी बाज बोलतेय. बाभळीच्या लाकडाची, अंबाडीच्या सुंभानं विणलेली. निजामाच्या राज्यात, धारूरच्या डोंगराखालच्या एका गावात, बिभीषणच्या घरी माझं आयुष्य गेलं.

मी नुसती झोपायची बाज नव्हे. मी बाळंतिणीची. आमच्याकडं बाई जमिनीवर बाळंत होते, मग तिला अंघोळ घालून माझ्यावर घेतात. खाली निखारे ठेवतात, ओवा-शेपाची धुरी देतात. बाजेवरच्या बाईला कुणी काम सांगत नाही. तिला भाकरी हातात मिळते. बाईच्या जन्मात तेवढेच दिवस.

माझ्यावर पहिली आली ती बायनाबाई, बिभीषणची बायको. तिचे आईबाप तापात गेले होते, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. पंचविशी उलटल्यावर लेक झाली, छबू. एका कुशीला छबू आणि दुसऱ्या कुशीला तिचा रांगता भाऊ उत्तरेश्वर. पोरक्या भावाला ती सोबत घेऊन आली होती. त्या दोघांच्या मुतानं माझा सुंभ पहिल्याच वर्षी सैल झाला. मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढं मात्र तिची कूस उजवली नाही. वर्षं गेली. मला भिंतीला उभं केलं. कधी अंगणात टाकून माझ्यावर मिरच्या वाळवू लागले.

शेजारची दगडाबाई तोंडाची फटकळ. बायनाबाईच्या देखत म्हणायची, "एका येताची गाय बी कुनी दावणीला ठिवत न्हाई." एकाच लेकरावर थांबलेली म्हणून गावात तिला काकवांझ म्हणत. ती अंबाजोगाईला योगेश्वरीच्या पायऱ्या चढून आली, मंगळवार धरले, कडुनिंबाचा पाला खाल्ला. मग दमली. केस पिकू लागले, तिनं मागणं सोडलं.

एकदा दुपारी बायका माझ्यावर बसून तूर निवडत होत्या. दगडाबाई शिरूरच्या कुणा बाईची गोष्ट सांगत होती.

"आगं, सून बी पोटुशी आन सासू बी! म्हाताऱ्यानं दोन दोन बाजा इकत आनल्या म्हनं!"

"मंग पाळना कुनाचा बांधला?"

"जी आदी वरडंल तिचा!"

बायका लोटपोट झाल्या. बायनाबाईही डोळे पुसपुसून हसली. तेव्हा ते दुसऱ्या कुणाचं होतं.

छबूचं लग्न झालं. जावई तहसिलात पट्टेवाला, गावात त्याचा मान. छबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिच्यासाठी मला परत आडवं केलं. त्याच दिवसांत बायनाबाई एकटीच माझ्यावर बसली होती. तिनं पोटावर हात ठेवला आणि दचकून काढून घेतला. परत ठेवला. विटाळ थांबला तो वयानं, असं ती समजत होती. वयानं नव्हता थांबला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. लेक पोटुशी असताना आई पोटुशी, जावई दारात. पदर ओढून घ्यायची, पोट चिंधीनं आवळायची आणि लोकांना सांगायची, वायगोळा झालाय, पोटात वाताचा गोळा धरलाय. वायगोळ्याला गावात लई माया. काकवांझ म्हणणारी दगडाबाईच वाटीभर ओवा घेऊन आली.

उत्तरेश्वर आता मिसरूड फुटलेला, डोक्यानं गरम. दगडाबाई त्याला म्हणाली, "वायगोळ्यानं मानूस जातं बरं का." तो कुणाला न विचारता तडक धारूरला गेला आणि हकिमाकडून बाटली घेऊन आला.

"आक्का, घे. कडू हाय, पर गोळा इरघळतो म्हनला हकीम."

दगडाबाई दारातच उभी होती. बायनाबाईनं बाटलीकडं पाहिलं. नको म्हणावं तर का नको, ते सांगावं लागलं असतं. तिनं एक घोट घेतला. दोघांची पाठ वळल्यावर बाकीचं चुलीच्या राखेत ओतलं. पण तो एक घोट उत्तरेश्वरच्या डोक्यातून आजही गेलेला नाही.

छबूच्या कळा सुरू झाल्या तशी गावची दाई अजमतबी आली. तिनं पोरीकडं पाहिलं, आणि मग आईकडं.

"अगे बायना, ये वायगोळा लाता बी मारता क्या?"

"हळू बोला, अजमतबी."

"मेरे कू आंधी समजी? नाल काटते काटते बाल सफेद हो गए."

"छबूला सवा म्हैन्यानं सासरी जाऊ द्या. मंग सांगते समद्यांला. जावई काय म्हनंल तिला?"

"पेटका बच्चा जवाई के वास्ते थमता क्या?"

छबूला मुलगी झाली. नाहू-माखून ती माझ्यावर आली. बायनाबाई रात्रभर तिच्या उशाशी होती. तिनं शिरा केला, चिंध्या धुतल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याखालच्या निखाऱ्यांसाठी गोवऱ्या आणायला गोठ्यात गेली. ती परत आली नाही.

उत्तरेश्वर बैल बांधायला गेला, तेव्हा ती कडब्यावर पडली होती. तोंडात पदराचा बोळा. आवाज घरात जाऊ नये म्हणून. पायांत लेकरू, मुलगा, रडत होता. तिनं मात्र हूं की चूं केलं नव्हतं.

त्यानं आरडाओरडा केला. छबू माझ्यावरून उठली, भिंतीला धरून उभी राहिली. दगडाबाई धावत आली आणि दारातच थबकली.

"खाली गोनपाट टाका. मायलेकी एका बाजंवर बरं दिसत न्हाई."

"ही बाज आईचीच हाय," छबू म्हणाली. "मामा, हितं आन तिला."

त्यानं बहिणीला उचलून माझ्यावर ठेवलं. किती हलकी झाली होती! बायनाबाईनं डोळे उघडले.

"उतऱ्या, खाली ठिव रं. लोकं हसतील."

"हसू दे. बाळंतीण हायेस तू. पड गप."

ती गप पडली. छबूनं तिच्या तोंडात गूळपाण्याचा घोट घातला. अजमतबी आली, तिनं पोट दाबलं, पाला बांधला, जे येत होतं ते सगळं केलं. पण रक्त माझ्या सुंभातून खाली गळतच राहिलं, निखाऱ्यावर पडून चरचरत राहिलं. दिवेलागणीला बायनाबाई गेली.

उत्तरेश्वरनं बाटली आणून अजमतबीपुढं आपटली. ती म्हणाली, "दवा से गई की नै, अल्ला जाने. छुपाई, उस से गई."

आमच्याकडं रीत आहे. बाळंतीण बाजेवर गेली तर ती बाज घरात ठेवत नाहीत, शिवेवर नेऊन टाकतात. गावाला त्यावरूनच कळतं. बायनाबाईला जाळून आल्यावर घरात तीच कुजबूज चालली. दगडाबाई डोळे पुसत म्हणाली, आणि खरंच कळवळून म्हणाली, "छबूला जुळं झालं म्हना. एक काल, एक आज. कोन मोजाया आलतं? बायना वायगोळ्यानं गेली. मेलीचं तोंड उजळ राहील."

बिभीषणनं मान हलवली. "तसंच करा. बाज धुऊन टाका. पोरीला भुईवर किती येळ निजवायचं?"

म्हणजे मी घरात राहणार होते. माझं चांगलंच झालं असतं.

"दाजी," उत्तरेश्वर म्हणाला, "पोरगं कुनाचं?"

"तिलाच हे कुनाला कळू द्यायचं नव्हतं, पोरा."

"तिला लाज नको हुती. पोरगं नको, असं ती कवा म्हनली?"

सकाळी चावडी भरलेली असताना उत्तरेश्वरनं मला डोक्यावर घेतलं, न धुता, डागासकट. मागच्या आळीनं जाता आलं असतं. तो भर पेठेतून निघाला.

"काय बे उतऱ्या, बाज कुठं?"

"शिवंवर."

"कुनाची?"

"माझ्या आक्काची. बाळंतीण हुती. भाचा झालाय मला."

चावडीवर कुणी हसलं नाही. विहिरीजवळ आलो तशा बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि पदर डोक्यावर ओढून बाजूला झाल्या. बाळंतिणीच्या बाजेलाच बायका तशा वाट देतात.

शिवेवर त्यानं मला उलटी टाकली आणि माझ्या पायाला मिठी मारून तो गुरासारखा रडला. मग उठून घरी गेला. छबू दोन्ही लेकरं पाजत होती. कोणतं कुणाचं, ते आता गावाला ठाऊक होतं.

मी अजून इथंच आहे, पाय वर करून. सुंभ शेळ्यांनी खाल्ला, एका पायाला वाळवी लागलीय. पावसाउन्हाचं आता मला काही नाही. फार थकलेय. एवढंच सांगते आणि थांबते. तुमच्या आळीत एखादी पिकल्या केसांची बाई पोटावरून पदर ओढत भिंतीकडेनं चालताना दिसली, तर तिचं वय मोजू नका. नातवंडांची नावं घेऊन हसू नका. घरातली बाज अंगणात काढा, तिच्यावर वाकळ टाका आणि म्हणा, बस, माय.