पहिल्या खेपेचे कबूतर

मित्रांनो, मी आशेचा दूत आहे. साऱ्या पृथ्वीवर पाणीच पाणी झाले, डोंगरसुद्धा बुडाले, तेव्हा तारवातल्या, म्हणजे बायबलातल्या नोहाच्या प्रचंड नावेतल्या जिवांना कोरड्या जमिनीची पहिली खबर ज्या थोर पक्ष्याने दिली, त्याच्या घराण्यातले मी आहे. अर्थात या घराण्याशी माझा संबंध अलीकडचा. त्याआधी मी बुटांच्या खोक्याचे झाकण होते आणि माझ्या पोटावर बुटाचा नंबर अजून छापलेला आहे. थोडक्यात, मी एक जुने कागदी कबूतर आहे.

माझा जन्म चर्चच्या मागच्या खोलीत, संडे स्कूलच्या वर्गात झाला. तिथे बुटकी टेबले होती आणि साऱ्या वर्गात डिंकाची एकच बाटली होती. ती आपल्यापर्यंत यायला इतका वेळ लागे की मुले तेवढ्यात आपोआप सहनशील होत. वर्ग घेणाऱ्या ताईंनी आमची कृती फळ्यावर काढली होती. पुठ्ठ्याचे अंग कापायचे, पोटात चीर द्यायची, पांढऱ्या कागदाला मागेपुढे घड्या घालून ती पट्टी चिरेतून आरपार सरकवायची आणि दोन्हीकडे पसरायची, की झाले पंख. शेवटी चोचीत हिरवे पान चिकटवायचे. पाने ताईंनी घरी बसून कापून आणली होती, आणि मोजून आणली होती.

मुलांचे हात चालू असताना ताई गोष्ट सांगत होत्या. नोहाने तारवातून कबूतर सोडले. पहिल्या खेपेला त्याला पाय टेकायला जागा मिळाली नाही, ते तसेच परत आले. दुसऱ्या खेपेला जैतुनाच्या झाडाचे पान घेऊन आले. तिसऱ्या खेपेला आलेच नाही, कारण आता बाहेर राहण्यासारखे झाले होते. सगळ्या वर्गाचे लक्ष डिंकाकडे होते. फक्त एका मुलीचे गोष्टीकडे होते. अंगाने एवढीशी, पण एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. माझी कर्ती तीच.

तिने विचारले, "पहिल्यांदा रिकामं आलं, तेव्हा नोहा रागावला का?"

"नाही गं. त्याने हात बाहेर काढला आणि त्याला आत घेतलं."

"मग मी ते करते. पहिल्या खेपेचं."

ताईंना वाटले, होईल शांत. पण तास संपताना त्यांच्या हातात एक पान उरले. ज्याने कधी मुलांचा वर्ग घेतला आहे त्याला ठाऊक असेल, की कमी पडलेल्या वस्तूपेक्षा उरलेली वस्तू जास्त छळते. ताई एकेक चोच तपासत माझ्यापाशी आल्या, मायेने हसल्या आणि त्यांनी पान माझ्या चोचीला चिकटवून टाकले. त्यांची पाठ वळताच मुंगीने ते ओढून काढले. पानाबरोबर चोचीचा तुकडाही गेला. शेजारचा मुलगा म्हणाला, की हे कबूतर नापास झाले. मुंगी त्याच्याकडे न बघता म्हणाली, नापास नाही, याला मिळालेच नाही. चोच दुरुस्त करायची म्हणून ती मला दप्तरात घालून घरी घेऊन गेली.

मित्रांनो, घरी फळीवर उभे राहिल्यावर मला तिच्या हट्टाचे कारण कळले. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करत. उभे आयुष्य त्यांनी लोकांना वर पोचवले आणि मग एक दिवस त्यांची कंपनीच खाली बसली. आता ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी घेऊन काम शोधायला जात आणि संध्याकाळी तसेच परत येत. आई बिचारी काही बोलत नसे. फक्त स्वयंपाकघरातून "काय झालं?" एवढेच विचारी. त्या दोन शब्दांना उत्तर द्यायला लागू नये म्हणून ते हल्ली घराबाहेर जिन्यातच बसून राहू लागले होते. चर्चला येणेही त्यांनी सोडले होते. उपासना संपली की लोक हात हातात घेऊन आपुलकीने तेच विचारत, आणि आपुलकीने विचारणाऱ्याला टाळणे फार अवघड असते.

एका संध्याकाळी मुंगी मला घेऊन जिन्यात गेली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"पप्पा, तू आत का येत नाहीस?"

"येतो गं. जरा दम खातोय."

"आपण पहिल्या मजल्यावर राहतो."

लिफ्टवाल्यांनी हत्यारांची पिशवी एक पायरी खाली सरकवली. मग ते म्हणाले, "रोज रोज रिकामं कसं यायचं आत?"

मुंगीने मला त्यांच्या गुडघ्यावर ठेवले. "हे पण रिकामंच आलंय. रविवारी तू चर्चला ये आणि बघ, याला आत घेतात की नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मीपण तुझ्याबरोबर इथेच बसेन. रोज."

ती हे करील, याबद्दल त्यांना शंका नव्हती आणि मलाही नव्हती. तेव्हा मीही मनाशी ठरवले, की चोच अजून अर्धीच असो, पंख एका बाजूला झुकलेले असोत, आपण मान ताठ ठेवायची. पुठ्ठ्याला त्याहून जास्त काही करता येत नाही.

रविवारी मुलांची खास उपासना होती. फ्रिजच्या मोठ्या खोक्याला तपकिरी रंग देऊन त्याचे तारू केले होते. त्याला पुढून छोटी खिडकी होती. आत चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नोहा होऊन बसले होते. पाळकांचा देह भरदार होता आणि खिडकी ताईंनी आपल्या मापाने कापली होती. एकेक मूल पुढे जाई, "हे पान घ्या" म्हणे, आतून एक हात कोपरापर्यंत बाहेर येई, कबूतर घेई आणि नाहीसा होई. सारे कसे आखल्याप्रमाणे चालले होते. लिफ्टवाले सर्वांत मागे, दाराला टेकून उभे होते. त्यांचा एक पाय आत होता आणि एक बाहेर.

आमची पाळी आली. मुंगीने मला नुसतेच वर धरले. हात बाहेर आला, त्याने चोच चाचपली आणि तो थबकला. खोक्यातून आवाज आला, "पान कुठाय?"

"नाही मिळालं," मुंगी म्हणाली. "सगळीकडे पाणीच होतं."

चर्चमध्ये कुजबुज झाली. पुढच्या बाकावर ताईंनी पर्स उघडली. मुंगीने ओढून काढलेले ते पान त्यांनी उचलून जपून ठेवले होते, सोबत डिंकही. हात मागे गेला. मला वाटले, संपले. मागे दार करकरले.

मग खिडकीत पाळकांचा चेहरा आला. त्यांनी मला पाहिले, माझ्या फाटक्या चोचीकडे पाहिले, मुंगीकडे पाहिले आणि तिच्या डोक्यावरून लांब दाराकडे पाहिले. त्यांनी एक हात बाहेर काढला. तो पुरेना, म्हणून दुसरा काढला. मग खांदा काढायला गेले, तेव्हा खिडकी वरपासून खालपर्यंत टरकली आणि तारवाची पुढची बाजू आडवी झाली. ज्याला प्रलय बुडवू शकला नाही ते तारू एका पाळकाने मोडले. कोणी हसले नाही असे मी म्हणणार नाही. पण पाळक त्या मोडक्या खोक्यात गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांनी मला ओंजळीत धरले होते.

"ये, आत ये," ते म्हणाले. "दमला असशील."

माझ्या माहितीप्रमाणे कबुतराला कोणी 'दमला असशील' म्हणत नाही. पाळकांचे व्याकरण पक्के होते. ते दाराकडे बघून बोलत होते.

लिफ्टवाल्यांनी दुसरा पाय आत घेतला आणि ते शेवटच्या बाकावर बसले. उपासना संपल्यावर लोक त्यांच्याकडे गेले, पण त्या दिवशी कोणी काही विचारले नाही. नुसतेच शेजारी बसले. संध्याकाळी ते जिन्यात न थांबता घरात गेले. दुसऱ्या दिवशी काम शोधून आले तेही सरळ घरात, रिकाम्या हातांनी, आणि आईने आधी पाणी पुढे केले. काम लागले का, म्हणाल तर लागले. पण त्या महिन्यात नाही, आणि माझ्यामुळे तर मुळीच नाही. ते रोज जात राहिले, म्हणून लागले.

याला आता पुष्कळ वर्षे झाली. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले, पाहुण्यांना मला बोट करून दाखवत. मग भिंतींना नवा रंग आला, नवी चित्रे आली आणि मी वर्गाच्या छताला इतर कबुतरांबरोबर धूळ खात लटकले. तरी मित्रांनो, एक सांगते ते ऐका. तुमच्या घरीही कधी कोणी रिकाम्या हातांनी परत येईल. आई येईल, दादा येईल, कमी गुण घेऊन तुम्ही स्वतःच याल. तेव्हा पान नंतर विचारा. आधी दार उघडा. खिडकी लहान असेल तर मोडा, खोके पुन्हा मिळते.

आणि आमच्यासारख्या जुन्या कागदी जिवांनाही जरा जपा. विशेषतः ज्याने मला इथे टांगले त्याने दोरा पाठीला बांधायचा तो शेपटीला बांधला आहे, आणि हा सारा उपदेश मी तुम्हाला खाली डोके, वर पाय करून केला आहे. स्टूल कपाटामागे आहे. कोणाला वेळ असेल तर बघा.