एका बोटाचा वायदा

गाडी म्हटली की ती कधी ना कधी रुसणारच. कुणाची बॅटरी उतरते, कुणाचा टायर बसतो, कुणाचं इंजिन तापून वाफा सोडतं. शहरात असं झालं तर माणूस फार तर चिडतो. पण ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम क्वीन्सलंडच्या त्या भागात दोन गावांमधल्या रस्त्यावर ना घर, ना पाणी, ना फोनला रेंज. म्हणून तिथे एक रीत आहे. बॉनेट उघडं दिसलं की थांबायचं. कायद्याच्या पुस्तकात ती लिहिलेली नाही, पण तिच्या भरवशावर माणसं प्रवासाला निघतात.

केल्विन मॅडिगनला ही रीत तोंडपाठ होती. गावात चाऱ्याचं आणि कुंपणाच्या तारांचं दुकान चालवणारा हा साठीचा गडी. त्याच्या पिकअपच्या हौद्यात पाण्याचे कॅन, पाने, पक्कड, सारं कायम तयार. बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ, त्याच्या क्लबात बसला की वाटेत किती गाड्या चालू करून दिल्या ते रंगवून सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त थांबण्याआधी आपण चेहरे बघतो, एवढं तो सांगत नसे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

जानेवारीतला, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातला शनिवार होता. ऊन असं की दाराच्या मुठीला हात लावला तर चटका बसावा. दूरच्या एका गुरांच्या फार्मवर माल उतरवून केल्विन क्लबच्या अंतिम सामन्यासाठी परत निघाला होता. वाटेत एक जुनी, लांबट गाडी उभी दिसली. बॉनेट वर, आतून वाफ. त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. रेडिएटरचा पाइप गेलेला दिसतोय, पाच-दहा मिनिटांचं काम, हे त्यानं लांबूनच ताडलं. मग झाडाच्या विरळ सावलीत बसलेल्या दोन बायका दिसल्या, एक म्हातारी, एक तरुण. दोघी काळ्या, त्या मातीतल्या मूळच्या लोकांपैकी. आणि पाय ब्रेकवरून उठला. आधी पाणी मागतील, मग पेट्रोल, मग गावापर्यंत सोड म्हणतील; सामना राहील बाजूला. मागून येईल की कोणीतरी, अशी त्यानं मनाची समजूत घातली. जाता जाता मात्र सवयीनं स्टिअरिंगवरचं एक बोट वर गेलं.

त्या रस्त्यांवर हे बोट म्हणजे समोरून येणाऱ्याला केलेला रामराम. पण बंद पडलेल्या गाडीपाशी वेग कमी करून कोणी तेच बोट वर केलं, तर त्याचा अर्थ निराळा होतो. पाहिलंय तुम्हाला, बघतो मी. तो दिलेला शब्दच असतो.

क्लबात चहा नि सँडविच चालू होते. केल्विनची बायको लोरेन स्वयंपाकघरात पाव कापत होती. बऱ्याच वेळानं नॉर्म आला, हा केल्विनचा खेळातला जुना जोडीदार. आल्या आल्या म्हणाला, वाटेत आँटी मर्ल आणि तिची नात अडकल्यात. मी गाडीत बसा म्हणत होतो, पण म्हातारी ऐकेना. म्हणाली, पांढऱ्या पिकअपवाला बोट दाखवून गेलाय, सामान घेऊन येतोच आहे. तो बिचारा आला आणि आम्ही नसलो तर बरं दिसेल का?

"पांढरी पिकअप म्हणजे तूच रे," नॉर्म केल्विनला म्हणाला. "मग इथे काय करतोयस?"

"निघतोच आहे," केल्विन म्हणाला. "पाइप शोधत होतो."

त्यानं हातातलं सँडविच तसंच बशीत टाकलं. आँटी मर्ल! गावातली अर्धी पोरं तिच्या हातचं खाऊन शाळा शिकली होती. तो बाहेर आला, तर मागोमाग लोरेन.

"तू थांबलाच नाहीस. हो ना?"

केल्विन पुटपुटला, की मागून कोणीतरी येणारच होतं.

"आला ना! नॉर्म आला. तुझ्या बोटानं त्यालाही माघारी पाठवलं. अरे, आज तिचा डायलिसिसचा दिवस. दवाखान्यात मशीनपाशी नर्स वाट बघत असेल."

"मला काय ठाऊक, ती मर्ल आहे?"

"मर्ल नसती तर चाललं असतं?" लोरेनचा आवाज चढला नाही, पण केल्विनला तो थोबाडीत बसल्यासारखा लागला. "तू वाईट माणूस नाहीस, केल्व्ह. वाईट माणसाच्या बोटावर कोणी विसंबलं नसतं. त्या बाईनं तुझ्यावर भरवसा ठेवला, आणि तू तिच्या कातडीचा रंग बघून पुढे गेलास."

लोरेन त्याच्याशेजारी गाडीत बसली. केल्विननं गाडी भरधाव सोडली. त्याला एकच भीती होती, म्हातारीला उन्हात काही झालं तर?

दोघी तिथेच होत्या. नात, टरीन, ओल्या फडक्यानं आजीचं कपाळ पुसत होती. बाटलीतलं पाणी संपलेलं, आजीचे पाय सुजलेले. केल्विनला बघून म्हातारी हसली.

"आलास, बाळा? पाइप मिळाला ना?"

नवा पाइप लागणारच नव्हता. तो टोकाशी, पट्टीजवळ चिरला होता. केल्विननं चिरलेलं टोक कापलं, उरलेला पाइप ओढून बसवला, पट्टी आवळली, निवलेल्या रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. गाडी चालू झाली. एवढ्याशा कामासाठी दोन जीव तापत राहिले होते.

"सामान शोधायला हिंडावं लागलं असेल," आँटी मर्ल म्हणाली.

हो म्हटलं असतं तर सगळं झाकलं जात होतं. लोरेन त्याच्याकडे बघत होती. त्यानं मान खाली घातली.

"नाही, आँटी. मी सामान आणायला गेलोच नव्हतो. तुम्हाला बघितलं आणि पुढे गेलो. बोट सवयीनं उचललं गेलं. मला लाज वाटते."

टरीन ताडकन म्हणाली, "मला माहीत होतं."

"नॉर्म गेल्यावर थोड्या वेळानं मलाही कळलं होतं," म्हातारी शांतपणे म्हणाली. "पण इथे दिलेल्या शब्दाचा भरवसा नाही, हे हिला कसं सांगू? हिला जन्मभर याच रस्त्यानं जायचंय."

केल्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आँटीला थंडगार पिकअपमध्ये बसवून दवाखान्यात नेलं, टरीनबरोबर लोरेन मागून आली. उशीर झाला होता. मशीनसाठी पुढचा रुग्ण येऊन थांबलेला, म्हणून म्हातारीला पुरा वेळ मिळाला नाही, आणि पुढचे दोन दिवस ती धापा टाकत अंथरुणावर पडून होती. केल्विनच्या माफीनं तिचा श्वास काही मोकळा झाला नाही.

पुढे क्लबात नॉर्मनं त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली तेव्हा केल्विननं ती झटकली आणि सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं. दोघा-तिघांनी नजर खाली वळवली, कारण त्यांनाही आपापले रस्ते आठवले.

वाचकहो, आपणही परोपकारी आहोत, यात शंका नाही. पण आपण कोणासाठी थांबतो आणि कोणाला ओलांडून जातो, हे एकदा स्वतःला विचारून बघा. चेहरा पारखून केलेली मदत ही मदत नव्हे, ती आपल्याच माणसांतली देवाणघेवाण झाली. अडलेल्याला जात नसते, रंग नसतो. त्याला फक्त उशीर होत असतो.