हळद लागलेला डोंगा

जुनी वस्तू घेतली म्हनून कोनी नाक मुरडलं का माझं डोस्कंच फिरते. माझ्या घरात येऊन पाहा. पाटा जुना, आरमोरीच्या बाजारातून घेतलेला. नवा पाटा आना, मंग महिनाभर चटनीत रेती खा! कढई जुनी, तिले काई चिटकत नाई. आन् मी? मीबी जुनीच.

पयला नवरा तापानं गेला, मंग खुशालसंगं माझा पाट लागला. लग्नात नवरीले हळद लागते, वाजा वाजते. पाटात काई नाई. बांगड्या भरल्या, लुगडं नेसवलं, झालं. तवापासून कोनाच्या घरी हळद असली का मले मांग उभं करत. "भागीरथा, तू जरा तिकडे हो." होत होती बापा, तिकडे. पन डोंग्याच्या वेळी नाई झाली.

आम्ही ढिवर. अख्खं खोड कोरून केलेली आमची नाव, तो डोंगा. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पन मासोळी धराची आमची रीत तीच राह्यली. चैतात पानी उतरलं का एका सकाळी सारे डोंगे संगं तलावात उतरतात. ज्याचा डोंगा त्या दिवशी पान्यात, त्याचा वर्षभर वाटा. ज्याचा नाई, त्यानं दुसऱ्याचं जाळं ओढाचं आन् मालक फेकन तेवढी मासोळी उचलाची. त्या साली वैनगंगेच्या पुरात आमचा डोंगा वाहून गेला.

"ओढू एखाद साल दुसऱ्याचं," खुशाल म्हने. माझा खुशाल गरीब मानूस. कोनी पायावर पाय दिला तर आपलाच पाय मांगं घेन.

"एक साल ओढलं का जिंदगीभर ओढशीन," म्या म्हनलं.

नवा डोंगा कराले झाड पायजे, आन् झाडाजवळ जंगलाचा नाकेदार उभा. शेजारच्या देवाजीनं लपून ओली सावर तोडली, डोंगा कोरला, साऱ्या गावाले दाखवत फिरला. पयल्याच उन्हात तो नाकापासून, म्हंजे पुढच्या टोकापासून, तडकला. एक जन बांबू मारते, दुसरा पानी उपसते, असा देवाजीचा नवा डोंगा!

मंग मले समजलं का नदीपल्याड बुधूचा डोंगा इकाले आहे. बुधूले बल्लारपूरच्या कागदाच्या कारखान्यात काम लागलं होतं आन् तो बिऱ्हाड हालवून राह्यला होता. खुशालले संगं घेऊन मी गेली. बुधूची बायको प्रेमिला डोंग्याजवळच बसली होती.

म्या डोंगा ठोकून पाह्यला. आत घागरी ओतल्या आन् शेजारी बसून राह्यली. ऊन उतरलं तरी खालची माती कोरडी. सागाचा होता तो. तडे होते, काऊन नसतीन? पन जेवढं तडकाचं तेवढं तो केव्हाच तडकला होता, आन् एकेक तडा राळीनं बुजवून पक्का केला होता. जुन्या वस्तूचं असंच असते. तिचे सारे नखरे आंधीच्या मालकानं भोगलेले असतात.

"माझ्या सासऱ्यानं कोरला," प्रेमिला म्हने. "माझं लग्न झालं त्या साली. नाकावरची हळद मीच लावली, बाई. धुऊन जाऊ नये म्हनून वरून राळ फासली." आन् ते डोंग्याच्या नाकावर हात ठेवून रडाले लागली. मलेबी गलबलून आलं. पयल्या घरचे माझे चांदीचे कडे होते, ते म्या काढले आन् तिच्या हातात घातले. डोंगा आमचा झाला.

नदी वलांडून, बैलबंडीवर घालून आम्ही तो गावात आनला. तलावाच्या बांधावर, पारीवर, नानाजी बसले होते. नानाजी म्हंजे आमच्या ढिवरपुऱ्याचे मुख्ये, त्यायच्या शब्दाबिगर तलावात काडी पडत नाई.

"काऊन रे खुशाल," ते म्हने, "दुसऱ्याचं उष्टं उचलून आनलं का?"

खुशालनं मान खाली घातली. म्या म्हनलं, "नानाजीभाऊ, तलावबी उष्टाच आहे. त्यात म्हशी लोळतात, बगळे तोंड घालतात. तुमी मासोळी खाची सोडली का?"

पारीवरचे सारे हासले. नानाजीले ते लागलं.

"जीभ मोठी चालून राह्यली तुई. हे सांग, डोंग्याले हळद कोन लावन?"

आमची रीत अशी का डोंगा पयल्यांदा तलावात उतराच्या आंधी त्याच्या नाकाले घरच्या लग्नाच्या बाईनं हळद लावाची. हळद नाई तर पानी नाई, पानी नाई तर वाटा नाई. आमच्या वाहून गेलेल्या डोंग्याले सासूनं लावली होती, आन् सासू त्याच हिवाळ्यात गेली होती.

"मी लावीन," म्या म्हनलं.

"तू पाटाची. तुई हळद चालत नाई." नानाजी उभे राह्यले आन् साऱ्यायले आयकू जाईन असे बोलले, "हळद एकदाच लागते. बाईलेबी एकदाच आन् डोंग्यालेबी एकदाच."

मघाशी माझ्या बोलन्यावर हासले तेच लोक आता माझ्यावर हासले. मी ताठ मानेनं घरी आली, कवाड लावलं आन् मंग रडली. खोटं काऊन सांगू? लय रडली.

खुशाल म्हने, "नानाजीच्या बायकोले म्हनू. कमळाबाई लावून देतीन हळद. पाया पडू."

"दुसऱ्याचा डोंगा घेईन," म्या म्हनलं, "दुसऱ्याचा उपकार नाई घेनार. पाया पडाचं नाव काढलं तर तुले जेवाले नाई वाढत!"

तो बिचारा जाळं शिवाले बसला. मी मात्र नानाजीचं बोलनं घोकत राह्यली. भाकर थापता थापता तेच, पानी भरता भरता तेच. हळद एकदाच लागते. डोंग्यालेबी एकदाच. घोकता घोकता मले हासू फुटलं. खुशालले वाटलं, बाई येडी झाली.

तलाव उतराच्या सकाळी सारे डोंगे पारीखाली रांगेनं लागले. कमळाबाई हळदीचं ताट घेऊन उभी. जुने डोंगे सरळ पान्यात गेले. मंग नव्या डोंग्याची एकेक बाई येई, नाकाले हळद लावी, नानाजी नारळ दाखवत, डोंगा पान्यात. देवाजीच्या तडकलेल्या डोंग्यालेबी हळद लागली! आमची पाळी आली तसा नानाजीनं हात आडवा केला.

"खुशाल, डोंगा मांग घे."

खुशाल मांग सरकला. मी पुढं झाली.

"नानाजीभाऊ, एक इचारते. डोंग्याले हळद किती वेळा लागते?"

"सांगतलं ना तुले. एकदाच."

"साऱ्यायनं आयकलं ना?" म्या म्हनलं. कमरेचा इळा काढला आन् डोंग्याच्या नाकावरची राळ खरवडली. खालून पिवळा डाग निघाला, चांगला तळहातायेवढा.

"हे पाहा! बुधूच्या लग्नाच्या बायकोनं लावली. एकदा लागली ना? मंग आता कशाची हळद मांगता? हळद नव्या डोंग्याले लागते, भाऊ. माझा डोंगा हळद लावूनच आला. जुनं घ्याचा हाच तर फायदा आहे!"

कोनी हासलं नाई. म्हातारी धुरपता वाकून डाग पाहून आली आन् म्हने, "हळदच आहे बापा." नानाजी डागाकडे पाहात राह्यले, मंग माझ्याकडे. आपलाच शब्द, तोबी साऱ्यायपुढं बोललेला, गिळतीन कसा?

"जाऊ दे पान्यात," ते म्हने.

खुशालनं बांबू उचलला. पयल्यांदा त्याची मान वर होती.

"थांब," म्या म्हनलं.

मी कमळाबाईजवळ गेली. तिनं ताट मांग घेतलं नाई. म्या हळदीत पंजा बुडवला आन् डोंग्याच्या नाकावर, त्या जुन्या डागावरच, चपराक मारल्यावानी हळद लावली.

"हे काऊन आता?" नानाजी वरडले. "तूच म्हनली ना, गरज नाई!"

"गरज नाई, भाऊ," म्या म्हनलं. "हौस आहे."

हाताले हळद उरली होती. ते म्या पुसली नाई. साऱ्यायदेखत आपल्या दोन्ही गालाले लावली, डोंग्यात बसली आन् खुशालले म्हनलं, "चाल आता."