घुंगुरकाठीला न भिणारी गौरजा

एक होते दाजी, एक त्यांची सून तेजस्वी, एक नात गौरजा, आणि दाराआडच्या कोपऱ्यात मी. मी घुंगुरकाठी बोलतेय.

चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, बेटातून दाजींनी मला तोडली, शेंड्याला घुंगरं बांधली आणि गावच्या राखणदार देवाच्या पाषाणाशी नेऊन ठेवली. वर्ष सरलं की नवी काठी ठेवायची, जुनी घरी आणायची, अशी आमच्याकडची रीत. त्या वर्षात मला कोणी हाती धरली, कुठल्या रानातून फिरवली, ते मी सांगायची नाही.

घरी आल्यावर दाजी तिन्हीसांजेला मला घेऊन खळ्यात, घरापुढच्या अंगणात, फेरी मारत. मी वाजले की कुत्री शेपूट घालत, शेजारची पोरं घरात पळत. एकटी गौरजा पाठमोरी खडे मांडत बसलेली. दाजींनी मला जमिनीवर आपटली, तरच वळून हसायची.

अडीच वर्षांची झाली, पण तोंडातून ‘आई’सुद्धा नाही. तेजस्वी आतल्या आत झुरायची. दाजींना मात्र आपल्या चेडवाचं, नातीचं, कौतुक.

"माझा चेडू कोणाक भियत नाय. राखणदारानच तेका गप ऱ्हव म्हणान सांगल्यान आसतला."

खरं सांगते, भीती मलाच वाटायची. विहिरीत खडा पडला तरी डुबुक होतं. त्या पोरीपाशी माझा आवाज पडायचा, आणि काहीच व्हायचं नाही.

मग अंगणवाडीतल्या मुलांचं ऐकणं-बोलणं तपासणारी किशोरी घरी आली. दाजींनी तिला उडवूनच लावलं. काठी आपटली की वळते, मग ऐकते नाही तर काय? किशोरीनं मला न्याहाळलं.

"दाजीनू, काठी जमनीक लाव नकात. तेच्या पाठसून, वर धरून हलवा."

दाजींनी हलवली. पुन्हा हलवली. गौरजा खडे मांडत राहिली. दाजी थांबेनात, आणि मी नुसती वाजत राहिले.

"जमनीचो हादरो तेवढो तेका कळता. आयकाक येना नाय," किशोरी हळू म्हणाली. "आयकल्याबिगर बोलतला कसा? पण ल्हान आसा, येळ गेलो नाय."

कुडाळला मोठी तपासणी झाली. कानामागे यंत्र बसलं. ते लावून पोर घरी आली, तेव्हा दारं-खिडक्या बंद होत्या, वारा नव्हता, दाजी माजघरात होते. आणि कोपऱ्यात मी वाजले. हात कोणाचा, विचारू नका.

गौरजा दचकली. कोपऱ्याकडे बघितलं आणि किंचाळत आईच्या कुशीत शिरली.

दाजी धावत आले. डोळ्यांना धार, आणि तोंडभर हसू. "भियाला गो तेजस्वी, आपला चेडू भियाला."

बायांनो, तुमच्या घरात न दचकणारं मूल असेल, तर कौतुक मागाहून करा, आधी कान दाखवा.

आता तिन्हीसांजेला, हळूहळू बोलायला शिकलेली गौरजाच खळ्यातून दटावते, "दाजी, काठी नको!" ते ऐकायला सगळं घर मुद्दाम बाहेर येतं. मी कोपऱ्यात गप्प असते.