फुटाणा जेवत नाही

फ्रिजवर उल्काच्या हातची चिठ्ठी.

१. गवत सतत समोर हवं. तुला आठवण झाली की नव्हे, संपलं की.

उल्का ऑफिसातच कोसळली, त्याला महिना झाला. हडपसरच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात तिचे टोमणे मात्र शाबूत होते. गिनीपिगची जोडी तिची : फुटाणा आणि बत्तासा. नवऱ्याच्या, आमोदच्या लेखी ते उंदरांचे थोरले भाऊ.

२. रोज सिमला मिरची. कोथिंबीर देठांसकट.

३. जोडी मोडू नकोस.

मोडली. परवा बत्तासा गेला. काल सकाळपासून फुटाण्याने तोंडात काही घेतलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, यांचं पोट रिकामं राहिलं तर आतडीच थांबतात. आज खाल्लं नाही तर उद्याचं सांगता येणार नाही. आमोदने सिरिंजने भरवून पाहिलं. फुटाण्याने सगळं हनुवटीवरून ओघळू दिलं.

४. संध्याकाळी सातला लिफ्ट थांबली की शिट्ट्या मारतात. मी आले म्हणून. तुझ्यासाठी नाही.

लिफ्ट अजूनही सातला वर येई. दार उघडे, कोणी उतरत नसे, आणि ती तशीच दिवा लावून उभी राही.

५.

पाचव्या आकड्यापुढे तिने काहीच लिहिलं नव्हतं.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. अकोल्याहून आलेल्या विमलाबाईंनी लेकीला हात जोडून सांगितलं, धाकटीचं शिक्षण पुरं करू. वडील रंगराव म्हणाले, जावयाला अंतर देणार नाही. कावळा भिंतीवरून मान वाकडी करून बघत राहिला. गुरुजी म्हणाले, "पुण्यातला आहे, लगेच पटायचं नाही त्याला." शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

आमोद मागे उभा होता, हात पाठीमागे बांधून. आदल्या दिवशीच त्याने लोणी काळभोरच्या एका ओळखीच्याला कळवलं होतं, दोन्ही घेऊन जा, पिंजऱ्यासकट. त्या माणसाला आता कुठे सवड झाली होती; उद्या तो येणार होता.

आज सात वाजले. लिफ्ट आली, थांबली. अंगात त्राण नसलेला फुटाणा जाळीला पुढचे पाय टेकवून उभा राहिला. शिट्टी बारीक आली, मधेच तुटली.

आमोदने घराचं दार उघडलं. समोर रिकामी, उजळलेली लिफ्ट. त्याने चपला काढल्या आणि घाटावर न जोडलेले हात जोडले.

"याला मी कुठे देणार नाही," तो म्हणाला. "जोडीही आणीन. सांभाळीन, उल्का."

मग लिफ्टचं दार मिटलं आणि कोणी बटण न दाबता ती खाली गेली.

मागे कुरकुर आवाज आला. फुटाणा कोथिंबिरीचं देठ खात होता.

दुसऱ्या दिवशी सातला लिफ्ट आली नाही. फुटाण्याने शिट्टी मारली नाही.

आमोद मात्र दारात उभा होता, सव्वासातपर्यंत.