गारुडाचा पूर्णविराम

शब्दकोशाच्या कचेरीत प्रूफ तपासायचं काम मामा आणि भाची मिळून करत. मामा मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचत, भाची समोर बसून छापील कागदावर बोट फिरवी. शेवटचा पूर्णविराम मात्र दोघं एकदम म्हणत. वाचताना मामांचे पाय ठेंगण्या स्टुलावर असत. पूर्णविराम झाला की पाय आपोआप खाली, सपातांत, आणि स्वारी पाणी प्यायला. सपाता कुठं आहेत हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्या दुपारी ‘गारूड’ची नोंद चालू होती. भाचीची पेन्सिल पडली. ती उचलायला वाकली आणि तिथंच थिजली. मामांच्या डाव्या सपातेत साप वेटोळं घालून बसला होता.

ओरडायची सोय नव्हती. झुरळ दिसलं तरी मामा आधी दोन्ही पाय जमिनीवर आपटत आणि मग विचारत, कुठंय. तिनं टेबलाखालून मोबाइलवर पहारेकऱ्याला निरोप धाडला: काठी घेऊन या, आवाज न करता. मग विचारलं, “मामा, हा शब्द आला कुठून?”

मामा खुलले. घरात काय नि कचेरीत काय, असलं काही त्यांना कुणी विचारत नसे. न विचारता सांगतात म्हणून. म्हणाले, गरुड म्हणजे सापाचा वैरी. विष उतरवायचा त्याच्या नावाचा मंत्र, तो गारूड. पुढे साप खेळवणारा गारुडी झाला, आणि विषाच्या उताऱ्याचं नाव भुरळीलाच चिकटलं. सापानं डोकं वर काढलं होतं. भाचीला त्याच्यावरून नजर हलवता येईना. शब्दाचा अर्थ तिला कोशाबाहेर कळत होता.

आणि मामांचं सांगून संपलं. असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी कागद उचलला, “भुरळ, स्वल्पविराम, मोहिनी,” आणि टाचा स्टुलाच्या कडेला सरकल्या.

“मला वाटतं,” भाची घाईनं म्हणाली, “गारूड ‘गार’वरून आलं असावं. माणूस गार पडतो ना.”

मामा लालबुंद झाले. चुकीची व्युत्पत्ती कानावर पडली की ते खुर्चीवर मांडी घालून भांडत. दोन्ही पाय वर गेले.

“आता पाय खाली सोडू नका,” ती हळूच म्हणाली. “सपातेत साप आहे. जिन्यावर पहारेकरी आलाय.”

मामांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ओठ पांढरे पडले. मांडी आणखी आवळून घेत ते म्हणाले,

“गारचा काही संबंध नाही, हे आधी मान्य कर.”

“मान्य,” भाची म्हणाली, आणि जिभेवर आलेला पूर्णविराम तिनं गिळून टाकला.